ब्रिगिडचा क्रूस आणि माझी एक चूक

थ्रेड. दोन वर्षांपूर्वी येथेच मी ठामपणे लिहिले होते, की लव्हाळ्यांपासून विणला जाणारा ब्रिगिडचा क्रूस हे मुळात आयर्लंडमधील ख्रिस्तपूर्व केल्टिक देवीचे सूर्यचिन्ह होय. पुष्कळांनी ते वाचले, पुढे पाठवले. पुढे एम.ए.च्या चर्चासत्रात मी तेच विधान केले, तेव्हा सरांनी एवढेच विचारले, "साधन कोणते?" मी निरुत्तर झाले. ती चूक आज येथेच दुरुस्त करते.

आधी देवी. ९०८ साली मरण पावलेल्या कॉर्मक या बिशप-राजाच्या नावावरील शब्दकोशात ब्रिगिट ही दाग्दा देवाची कन्या आणि कवींची आराध्यदेवता म्हणून येते. तिच्या दोन बहिणींचे नावही ब्रिगिटच. एक वैद्यकाची, दुसरी लोहारकामाची. तेथे क्रूस नाही, अखंड अग्नीही नाही. अकराव्या शतकात संकलित झालेल्या 'लेबोर गबाला'त तिचे म्हणून जे येते, ते फे आणि मेन हे दोन राजबैल. समाजमाध्यमांवरील 'ब्रिगिडची प्रतीके' या याद्यांत मला हे बैल कधीच भेटले नाहीत!

आता किल्डेअरची संत ब्रिगिड. सातव्या शतकात कोगिटोससने लिहिलेल्या तिच्या चरित्रात चर्चचे, सोन्यारुप्याने मढवलेल्या समाधीचे वर्णन आहे. अखंड अग्नीचे नाही. तो भेटतो बाराव्या शतकाच्या अखेरीस, जेरल्ड ऑफ वेल्सच्या लेखनात. एकोणीस जोगिणी पाळीपाळीने एकेक रात्र अग्नी राखतात. भोवती कुंपण, आत पुरुषाला मज्जाव. विस्तवावर तोंडाने फुंकर घालायची नाही, भाता किंवा पंखा वापरायचा. विसाव्या रात्री शेवटची जोगीण लाकडे रचते, तुझा अग्नी आज तूच सांभाळ असे ब्रिगिडला सांगते आणि निघून जाते. सकाळी लाकडे जळलेली असतात, अग्नी तेवत असतो.

हे वाचल्यावर कोणालाही प्राचीन पुजारिणी दिसू लागतील. मलाही दिसल्या. पण शब्दकोशातील देवी आणि हा अग्नी यांना जोडणारा धागा मी माझ्या मनातून ओढला होता, साधनांतून नव्हे. क्रूसाची गत याहून वाईट: त्याचे लेखी उल्लेख सतराव्या शतकापासूनचे. १९९३ मध्ये किल्डेअरला अग्नी पुन्हा चेतवला गेला; २०२३ पासून ब्रिगिडच्या नावाने आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टीही असते. ही श्रद्धा खरी आहे. तिचे वय मात्र मी वाढवून सांगितले होते.

या सगळ्यात मला सर्वाधिक जवळची वाटते ती एक साधी चिंधी. ३१ जानेवारीच्या रात्री घराबाहेर कापडाचा तुकडा ठेवायचा. रात्री ब्रिगिड त्याला स्पर्श करून जाते, असा आयरिश खेड्यांतील समज. मग वर्षभर डोके दुखले की तोच कपाळाला बांधायचा, गाय अडली की तिच्या अंगावर घालायचा. तो देवीचा की संतिणीचा, हे विचारायला त्या घरात कोणाला सवड होती?

जुना थ्रेड मी काढून टाकलेला नाही. त्याखाली या दुरुस्तीचा दुवा जोडला आहे.