आर की बी?

आईला व्हिडिओ कॉलवर जॅकेट दाखवलं, तेव्हा ती आधी म्हणाली, "अरे, मेलेल्या माणसाचे कपडे घरात कशाला आणतोस?"

"तो मेलाय हे तुला कोणी सांगितलं?"

"ऐंशी वर्षांपूर्वीचं आहे म्हणतोस ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ओहायोत राहतो, बॅकएंडचा कोड लिहितो आणि शनिवारी सकाळी जुन्या सामानाच्या विक्रीला जातो. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं की पोरं घर उघडं ठेवून भांड्यांपासून पलंगापर्यंत सगळं विकतात. तिथेच एका खोक्यात हे जॅकेट मिळालं. घोड्याचं कातडं, बाहीला चीर, आतलं सुती अस्तर फाटलेलं. दोनशे वीस डॉलर. विकणाऱ्या माणसाला विचारलं तर म्हणाला, खोकं घरातल्यांनी कुठल्याशा लिलावातून आणलेलं, कुणाचं ते माहीत नाही.

याला ए-टू म्हणतात. अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाने १९३१ मध्ये ते वैमानिकांसाठी ठरवलं आणि १९४३ मध्ये नवी खरेदी थांबवली. कॉलरखालच्या लेबलवर कंत्राटाचा क्रमांक असतो, त्यावरून कंपनी आणि साधारण वर्ष कळतं. छातीवर डाव्या बाजूला नावाची चामड्याची पट्टी शिवलेली असायची. माझ्या जॅकेटवर पट्टी नव्हती, नुसती टाक्यांची भोकं. पण खांद्यावर एक बिल्ला होता, चामडं कापून रंगवलेला. सीबीआय. आपली तपास यंत्रणा नव्हे. चायना-बर्मा-इंडिया, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली आपल्याकडची आघाडी. असे बिल्ले तेव्हा भारतातल्या बाजारांतले कारागीर हाताने बनवून देत. कुणा अनोळखी देशी माणसाच्या सुईचे टाके ओहायोतल्या खोक्यात सापडावेत, याचं मला फार अप्रूप वाटलं. पैसे तिथेच मोजले.

जपान्यांनी १९४२ मध्ये बर्मा रोड तोडला आणि चीनला माल पोहोचवायला आकाशच उरलं. आसामातल्या चबुआ, दिनजानसारख्या धावपट्ट्यांवरून उडायचं, हिमालयाच्या पूर्वेकडच्या डोंगररांगा ओलांडायच्या आणि कुनमिंगला उतरायचं. या मार्गाला वैमानिक 'हंप' म्हणत. १९४५ पर्यंत साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला आणि सहाशेच्या आसपास विमानं पडली. कित्येकांचे सांगाडे अजून त्या जंगलांत आहेत.

आता माणूस शोधायचा होता. अस्तरावर लेबलखाली पुसट शिक्का होता: एक अक्षर आणि चार आकडे. कपडे धुलाईत हरवू नयेत म्हणून सैनिक आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैन्य क्रमांकाचे शेवटचे चार आकडे असे उमटवत. माझ्या शिक्क्यातलं अक्षर आर दिसत होतं. आकडे इथे लिहीत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा हॅश आहे, आणि फार फालतू हॅश. २६ अक्षरं गुणिले १०,००० आकडे म्हणजे २,६०,००० शक्यता. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या काळातल्या सैन्यभरतीच्या सुमारे ९० लाख नोंदी खुल्या केल्यात. म्हणजे एका शिक्क्यामागे सरासरी चौतीस-पस्तीस माणसं. फाइल उतरवली, पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली, चाळीसेक नावं निघाली. त्यांतले ओहायोचे दोन. त्यांतल्या एकाचं नाव बेपत्ता विमानांच्या अहवालांत मिळालं. हंपवरच्या मालवाहू विमानाचा रेडिओ ऑपरेटर. १९४४ मध्ये विमान परत आलं नाही.

रात्रीचे दोन वाजले होते. मी खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. ओहायोत विकलं गेलेलं जॅकेट ओहायोच्याच माणसाचं असेल, हे मी कशावरून ठरवलं? शिवाय अधिकाऱ्यांना वेगळे क्रमांक मिळत. जॅकेट अधिकाऱ्याचं असेल, तर त्या क्रमांकाने तो भरतीच्या फाइलमध्ये सापडणारच नव्हता. ऑफिसात एवढ्या पुराव्यावर मी एक ओळही प्रॉडक्शनला जाऊ दिली नसती. पण गोष्ट फार सुंदर जुळली होती. त्या माणसाचा पुतण्या ऑनलाइन सापडला आणि मी त्याला मेल लिहिली: 'तुमच्या काकांचं जॅकेट माझ्याकडे आहे.' 'असू शकेल' असं नाही. 'आहे.'

दोन तासांत उत्तर आलं. त्याची आत्या, म्हणजे त्या रेडिओ ऑपरेटरची धाकटी बहीण, ९३ वर्षांची, अजून होती. त्याने तिला लगेच फोन केला होता. ती रडली म्हणे. भाऊ गेला तेव्हा ती शाळेत होती. जॅकेट विकत देशील का, असं त्याने विचारलं. मी लिहिलं, विकत कशाला, तसंच देईन.

पाठवण्याआधी बिल्ल्याची खात्री करावी म्हणून मी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मागवला. नवा कृत्रिम दोरा त्या उजेडात बहुतेक वेळा चमकतो, जुना सुती दोरा चमकत नाही. दिवे बंद केले. बिल्ला अस्सल निघाला. मग सहज टॉर्च अस्तरावर धरला. पुसट झालेली शाई गडद उठली. आरचा तिरपा पाय खाली गोल वळून परत दांड्याला मिळत होता.

तो बी होता.

हे रविवारी झालं. गुरुवारपर्यंत मी कुणाला काही लिहिलं नाही. रोज स्वतःला सांगत होतो की गप्प बसलो तर काय बिघडणार आहे? ९३ वर्षांच्या बाईला भावाचं जॅकेट मिळेल, ती ते मांडीवर घेऊन बसेल. शिक्का कोण तपासायला जाणार आहे? पण ते जॅकेट कुणा बीचं होतं. त्याचीही कुणी बहीण असेल, मुलगी असेल. आणि त्या म्हातारीला मी एकदा न विचारता तिचा भाऊ दिला होता, आता जाणूनबुजून दुसऱ्याचं जॅकेट देणार होतो.

गुरुवारी रात्री सगळं खरं लिहिलं. दोन्ही शिक्क्यांचे फोटो जोडले, चूक कुठे झाली ते लिहिलं, माफी मागितली. बेपत्ता विमानाचा अहवालही जोडला, कारण तो मात्र नक्की त्यांच्याच माणसाचा होता. जॅकेट तरीही हवं असेल तर कळवा, असं लिहून शेवटी खोडलं.

तीन आठवडे उत्तर नाही. मी दर तासाला मेल बघायचो. आईला सांगितलं, तर तिने 'मी म्हटलं नव्हतं' असं काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "ती म्हातारी जेवली असेल का रे त्या दिवशी?"

चौथ्या आठवड्यात दोन ओळी आल्या. जॅकेटचा उल्लेख नव्हता. 'आत्याने अहवाल वाचायला मागितला आहे. तिला बारीक दिसत नाही. मोठ्या अक्षरांत पाठवता येईल का?'

स्कॅन मोठा केला तर अक्षरं फुटत होती. म्हणून मी तो अख्खा टाइप करायला बसलो, चोवीसच्या फाँटमध्ये. विमानाचा क्रमांक, कुठून निघालं, शेवटचा संपर्क, हवामान, विमानातल्या माणसांची नावं. प्रत्येक अक्षर मूळ पानाशी दोनदा ताडून पाहिलं. जिथे शाई पुसट होती तिथे अंदाज केला नाही, चौकटी कंसात 'वाचता येत नाही' असं लिहिलं. पहाटे चारला पाठवलं.

जॅकेट कपाटात आहे. बीची यादी काढलीय, चाळीसपेक्षा बरीच मोठी आहे. अजून कुणालाही लिहिलेलं नाही.