चकमधून जॉब सुटला की...

नांदेड-लातूरकडे जुना लेथ घ्यायचा म्हणजे माळेगावच्या यात्रेत घोडं पारखण्याइतकं जोखमीचं काम होतं. बोलणारे पुष्कळ, दात बघणारा एखादाच. आमच्या वर्कशॉपमध्ये ते काम चाचांचं. नांदेडच्या उस्मानशाही कापड मिलच्या दुरुस्ती खात्यात त्यांचा हात तयार झालेला. हरिहरचा किर्लोस्कर किंवा बंगळूरचा एचएमटी परवडला तर नशीब, नाहीतर बटाला-राजकोटचा आठ फुटी लेथ आणि तोही वापरलेला.

मालक भाव ठरवत बसायचे तेव्हा चाचा चकपासून टेलस्टॉकपर्यंत बेडवरून नख फिरवत जायचे. बेड सगळ्यात जास्त झिजतो तो चकजवळ, कारण बहुतेक कामं तिथेच होतात. तिथे स्क्रेपिंगच्या खुणा शाबूत असतील तर मशीन कमी चाललेलं. नखाला पायरी लागली तर वरचा रंग कितीही ताजा असो, सौदा मोडायचा. मग चकखाली लाकडी दांडा घालून स्पिंडल उचलून बघायचं, डायलचा काटा किती हलतो ते. सेंटरमध्ये शाफ्ट धरून एक हलका कट घ्यायचा आणि दोन्ही टोकांचे व्यास मापायचे. शेवटी मोठ्या चकतीचं फेसिंग. त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली की मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. चांगला लेथ तोंड किंचित खोलगट कापतो, फुगीर कधीच नाही. गेओर्ग श्लेसिंगर या जर्मन प्राध्यापकाने १९२७ साली मशीन तपासायचे तक्ते पुस्तकरूपाने छापले होते. चाचांनी ते नाव ऐकलेलं नव्हतं, पण त्या तक्त्यांतल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्या नखात आणि कानात होत्या.

कामही तसंच यायचं, कधी काय येईल याचा नेम नसलेलं. तूर बाजारात आली की लातूरच्या डाळमिली रात्रंदिवस चालायच्या आणि शाफ्ट हमखास रात्री मोडायचे. नांदेडकडे जिनिंगचे रोलर, तेलघाण्याचे वर्म, बोअरच्या पंपाचे बुश. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांची दुरुस्तीची कामं. पार्टी मोडका तुकडा पोत्यात घालून आणायची आणि म्हणायची, "असाच करून द्या, सकाळी मिल चालू करायचीय." ड्रॉइंग नावाची गोष्ट क्वचितच दिसायची.

मिलिंग मशीन शेजारच्या दहा दुकानांत मिळून एखादं. मग पुलीच्या आतला की-वे लेथवरच निघायचा: स्पिंडल अडकवून ठेवायचं, टूल आडवं बांधायचं आणि कॅरेज हाताने मागेपुढे करत एकेका फेरीला केसभर खोल जायचं. फ्लँजवर सहा भोकं समान अंतरावर हवीत? चाचा हेडस्टॉकचं झाकण उघडून मोठ्या गिअरचे दात मोजायचे. साठ दात असतील तर दहा-दहा दातांनी फिरवून खूण करायची. ग्राइंडिंग हवं असेल तर टूलपोस्टवर छोटी मोटर बसायची. 'मल्टिटास्किंग' हा शब्द आमच्याकडे नंतर आला. गरजेपोटी काम मात्र तसंच चालायचं.

या सगळ्यात चाचांचे दोन नियम न मोडणारे. पहिला: "गरम माप घेऊ नको, बाबा. सकाळी सैल होईल." दुसरा: "चकमधून जॉब सुटला की सेंटर गेलं." जेवढं करता येईल तेवढं एकाच पकडीत करायचं. जॉब उलटा धरला की फोर-जॉ चकमध्ये डायल लावून पुन्हा सेंटर काढण्यात अर्धा तास जायचा, आणि तरीही एखादा थाऊ, म्हणजे पंचवीसेक मायक्रॉन, कुठेतरी राहून जायचाच. डाळमिलीला तो चालून जायचा.

आज याच भागातली तरुण पोरं बेंगळुरूच्या इमटेक्स प्रदर्शनात जातात आणि मल्टिटास्किंग सीएनसीसमोर तासन्‌तास उभी राहतात. काहींची पदवी नांदेडच्याच, १९८१ साली सुरू झालेल्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतली. समोरचं मशीन काय करतं? टर्निंग करतं, त्याच पकडीत स्पिंडल हव्या त्या कोनात थांबवून फिरत्या टूलने की-वे आणि भोकं पाडतं. वाय अक्षामुळे सेंटरच्या वर-खाली कापतं, बी अक्ष असेल तर तिरकंही. एक बाजू झाली की समोरचं दुसरं स्पिंडल तेवढ्याच वेगाने फिरत येऊन जॉब अलगद धरतं आणि मागची बाजू सुरू. चाचा गिअरचे दात मोजायचे तिथे आता अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारा सी अक्ष आहे. चाचांचा दुसरा नियम कोणीतरी लोखंडात ओतावा, असं हे यंत्र आहे.

मग ते पारखायचं कसं? नखाची जागा बॉलबारने घेतली. मशीनला एक वर्तुळ फिरवायला लावायचं आणि ते किती वेडंवाकडं आलं हे पडद्यावर बघायचं. बॅकलॅश असेल तर दिशा बदलते तिथे पायरी दिसते. लेझरने प्रत्येक अक्षाची जागा तपासली जाते. पण खरी परीक्षा सलग जॉब काढण्याची. समजा ५० मिलिमीटरच्या शाफ्टवर बेअरिंगसाठी के-६ फिट हवा आहे. म्हणजे व्यास +२ ते +१८ मायक्रॉनमध्ये, एकूण १६ मायक्रॉनची मोकळीक. मोठी पार्टी सीपीके १.३३ मागते. त्याचा सरळ अर्थ, सरासरी अगदी मधोमध असली तरी जॉबांमधला प्रमाण विचलनाचा आकडा २ मायक्रॉनच्या वर जायला नको. पन्नास जॉबांमधला एक सुरेख निघाला, याला आता किंमत नाही. पन्नासावा पहिल्यासारखा हवा.

आणि इथे चाचांचा पहिला नियमही परत येतो. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. तोच ५० मिलिमीटरचा शाफ्ट मापाच्या साधनापेक्षा २० अंशांनी गरम असला तर साडेअकरा मायक्रॉन मोठा दिसतो. १६ मधले साडेअकरा तिथेच गेले. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी सातचं मशीन आणि दुपारी तीनचं मशीन एक नसतं. म्हणून ट्रायल घ्यायची ती विक्रेत्याच्या थंडगार शोरूममध्ये, त्याच्या आवडीच्या जॉबवर नाही. आपला जॉब, आपलं मटेरियल, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

आमच्या भागाचे आणखी काही प्रश्न कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतात. कूलंटमध्ये मिसळायला पाणी लागतं. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या बोअरचं जड पाणी तसंच टाकीत ओतलं तर कूलंटवर साय धरते आणि जॉबला गंज. वीज झटके देते, म्हणून स्टॅबिलायझर आणि अर्थिंग आधी. सर्व्हिसचा माणूस पुण्याहून निघाला तर एक रात्र प्रवासात जाते. लेथचा गिअर तुटला तर चाचा दुसरा कापून बसवायचे. ड्राइव्हचं कार्ड जळलं तर वाट बघण्यावाचून इलाज नाही.

सगळ्यात मोठा फरक हिशेबात आहे. जुन्या लेथचे पैसे फिटले की तो रिकामा उभा राहिला तरी खायला मागत नसे. समजा नवं मशीन दीड कोटीचं आणि सात वर्षांत पैसे वसूल करायचेत. दोन पाळ्या धरून वर्षाला चार हजार तास चाललं तर नुसत्या किमतीपोटी तासाला सुमारे ५३५ रुपये पडतात. एकाच पाळीत दोन हजार तास चाललं तर हाच आकडा १०७० च्या घरात. व्याज, टूल, पगार वेगळे. पूर्वी विचारायचं, दारात येईल ते काम हा लेथ करील का? आता विचारायचं, या मशीनला पुरेल एवढं एकसारखं काम माझ्या दारात येईल का?

बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी ज्या लातुरात यायची, तिथे रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यातून पहिला सांगाडा बाहेर पडला. म्हणून एकसारख्या कामाची आशा आहेच; पण आशेवर हप्ते फिटत नाहीत. माझ्या मते खरेदीआधी एकच गोष्ट कागदावर लिहावी: माझा नेहमीचा जॉब सध्या किती वेळा चकमधून सुटतो? दोनदा सुटत असेल तर साधा सीएनसी लेथ पुरे. पाच-सहा वेळा सुटत असेल आणि तोच जॉब दरमहा येत असेल, तर बँकेची पायरी चढावी. आणि मशीन आलं तरी जुना आठ फुटी लेथ भंगारात घालू नये. डाळमिलीचे शाफ्ट अजूनही रात्रीच मोडतात, आणि एका शाफ्टसाठी प्रोग्रॅम लिहीत बसायला मोंढ्यातल्या कुणालाच वेळ नसतो.