राणी हिराईच्या चांद्यात

सहलीची एसटी जटपुरा दरवाजातून चंद्रपुरात शिरली, तेव्हा मुलींनी कमानीवरची शिल्पे पाहायला खिडक्यांत गर्दी केली. हत्तीवर झेपावलेला सिंह हे गोंड राजांचे चिन्ह. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा असे चार दरवाजे असलेला हा परकोट आजही गावाला कवेत घेऊन उभा आहे. याच राज्याचा वैरागडचा किल्ला आज गडचिरोली जिल्ह्यात येतो.

आम्ही मात्र मुलींना न्यायला निघालो होतो ते राजा बीरशाहच्या समाधीकडे. अंचलेश्वर दरवाजाजवळच्या त्या घुमटाखाली पाऊल ठेवताच आवाज आपोआप खाली आले. "ही तर आपल्या मकबऱ्यासारखी आहे!" एक मुलगी हळूच म्हणाली. घुमट आणि कमानी पाहून तसे वाटणारच. शिवाय गोंडांतही मृताला माती देण्याची रीत आहे.

ही समाधी बांधली राजाच्या बेगमेने, राणी हिराईने. 1704 च्या सुमारास बीरशाह दुसऱ्या लग्नाला निघाला असता मारला गेला. सवत आणायला निघालेल्या नवऱ्यासाठी तिने चांद्यातली सर्वांत देखणी समाधी उभारली. महाकालीचे मंदिरही तिनेच नव्याने बांधले असे सांगतात. तिला मुलगा नव्हता. चंदनखेड्याच्या गोविंदशाहचा मुलगा रामशाह तिने दत्तक घेतला आणि तो कर्ता होईपर्यंत, 1719 पर्यंत, राज्य स्वतः सांभाळले. दिल्लीचे तख्त डळमळत होते, मराठ्यांच्या फौजा वऱ्हाडात फिरत होत्या. अशा पंधरा वर्षांत एका विधवेने गादी राखली आणि ज्याची त्याला दिली.

आम्ही हे सांगत असताना आठवीतल्या एका मुलीने विचारले, "राणीला मुलगीच नव्हती का?"

होती. मानकुंवर तिचे नाव. देवगडच्या घराण्यात दिली होती.

"मग राज्य तिला का नाही?"

तेव्हाची रीत तशी होती, असे आम्ही म्हणालो. ती मान हलवून गप्प झाली आणि मग म्हणाली, "आमच्या सातबाऱ्यावर पण फुफूचं नाव नाही."

परतीच्या वाटेवर मुली गाणी म्हणत होत्या. आम्हाला मात्र घरच्या कपाटातला एक कागद आठवत होता. अब्बांच्या पश्चात धानाच्या दोन एकर बांधीचे हक्कसोडपत्र तयार होते, आपाची सही तेवढी राहिली होती. ती कधी नाही म्हणाली नसती. कुरआनने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे, हे आम्ही वर्गात कितीदा शिकवले असेल!

तो कागद आम्ही आपापुढे ठेवलाच नाही. त्याच आठवड्यात तलाठ्याकडे वारसांची यादी दिली, त्यात तिचे नाव लिहून. आपाला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आता माहेरी येताना पाहुणी म्हणून नाही येणार."