तळाचा पावसाळा

पावसाळा जून ते सप्टेंबर, याबद्दल पंचांग आणि हवामान खाते यांचे फारसे दुमत नाही. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांचे वेळापत्रक मात्र वेगळे आहे, आणि आम्ही तळ-जीवशास्त्राचे अभ्यासक ते पुरेसे मनावर घेत नाही, अशी माझी तक्रार आहे. आमच्या बहुतेक अहवालांत वर्षाचे तीन तुकडे असतात: पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात, पावसाळ्यानंतर. ऑक्टोबरचा नमुना तिसऱ्या रकान्यात जातो. आभाळाकडे पाहिले तर ते बरोबरच आहे. पण गोव्यासमोर वीस-तीस मीटर खोलीवरच्या चिखलात ऑक्टोबर म्हणजे पावसाळ्याचा सगळ्यात कठीण काळ असू शकतो. पावसाळा हा एकच आघात नाही. लाटा, गोडे पाणी आणि प्राणवायूचा तुटवडा असे तीन आघात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खोलीवर येतात, आणि त्यांची एकत्र सरासरी काढली की तिन्ही नजरेआड होतात.

पहिला आघात पुळणीवर, तोही जूनमध्येच. उंच लाटा किनाऱ्यावरची रेती ओढून समुद्रातल्या दांड्यावर नेऊन टाकतात आणि पुळण खचते. पाऊस ओसरल्यावर लहान, संथ लाटा तीच रेती हळूहळू परत आणतात. पावसाळ्यात पुळणीवर प्राणी कमी सापडतात. पण कमी सापडणे म्हणजे मरणे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. डोनॅक्स हे पाचरीच्या आकाराचे छोटे शिंपले आणि उलट पावलांनी रेतीत शिरणारा एमेरिटा खेकडा यांचे आयुष्यच लाटेबरोबर वरखाली सरकण्यात जाते. रेती हलली की तेही हलतात, आणि आपण मात्र एप्रिलमध्ये ठरवलेल्या रेषेवरच खणत बसतो. तरीही सगळी घट स्थलांतराने समजावता येत नाही. नळी बांधून एका जागी राहणाऱ्या कृमींना रेतीमागे जाता येत नाही. शिवाय पावसाळ्यानंतर संख्या वाढते तेव्हा त्या गर्दीत पिल्लांचा वाटा मोठा असतो. दूर गेलेले परत आले असते तर प्रौढ जास्त दिसले असते. इथे चाळणीचाही प्रश्न आहे. एक मिलिमीटरच्या चाळणीतून ही पिल्ले सहज निसटतात, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत बरीच अडकतात. त्यामुळे दोन अहवालांतला फरक कधी कधी समुद्राचा नसून चाळणीचा असतो.

दुसरा आघात खाड्यांत, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये. मांडवी-झुआरीच्या वरच्या भागात ऐन पावसात पाणी जवळजवळ गोडे होते. मेमध्ये तिथे समुद्राचे खारेपण बरेच आतपर्यंत पोचलेले असते. कालवे शिंपा घट्ट मिटून काही दिवस काढतात. तारामाशांच्या कुळाला शरीरातला क्षार सांभाळण्याची सोयच नाही, त्यामुळे अशा जागी ते नसल्यातच जमा. पण इथेही चित्र दिसते तितके सरळ नाही. गोडे पाणी हलके म्हणून वर राहते, मुखाजवळ तळाशी खारे पाणी टिकून असते, आणि चिखलाच्या कणांमध्ये अडकलेले पाणी तर फारच सावकाश बदलते. वर गोडे पाणी वाहत असताना काही सेंटिमीटर खाली बिळात राहणारा कृमी अजून खाऱ्या पाण्यात असू शकतो. म्हणून केवळ पृष्ठभागाचे खारेपण मोजून तळाच्या प्राण्यांचे भवितव्य सांगणाऱ्यांवर माझा विश्वास कमीच.

तिसरा आघात सगळ्यात उशिरा येतो आणि किनाऱ्यावरून तो दिसतही नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचे थंड पाणी वर, उथळ भागाकडे सरकते. केरळच्या बाजूला हे आधी सुरू होते, गोव्याकडे नंतर. हे पाणी अरबी समुद्राच्या पोटातले, म्हणजे मुळातच प्राणवायूला पारखे. त्यावर पाऊस आणि नद्यांच्या कमी खाऱ्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे वारा असूनही हवेतला प्राणवायू खाली मिसळत नाही. वर आलेल्या पोषकद्रव्यांवर सूक्ष्म वनस्पती माजतात, मरून खाली पडतात आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतात. लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की त्याला तुटवडा म्हणण्याचा प्रघात आहे. वरच्या ढवळलेल्या पाण्यात तो सहाच्या आसपास असतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी कांदोळीसमोर दीर्घकाळ केलेल्या नोंदींत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळ प्राणवायू शून्यावर येऊन हायड्रोजन सल्फाइड तयार झाल्याचेही आढळले आहे. मासे आणि कोळंबी निघून जाऊ शकतात. चिखलातला शिंपला कुठे जाणार? अशा वेळी तग धरतात किंवा नंतर सर्वांत आधी जागा बळकावतात ते लहान, अल्पायुषी, भरपूर अंडी देणारे स्पायोनिड कुळातले पॉलिकीट कृमी.

यावर कोणी म्हणेल, हे युगानुयुगे चालले आहे, तळ दरवर्षी सावरतो, मग चिंता कसली? तुटवडा मुळात नैसर्गिक आहे, हे मला मान्यच आहे. खतांतून येणाऱ्या नायट्रोजनमुळे तो तीव्र होत असावा, असे नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले, पण एका वर्षापासून दुसऱ्या वर्षाचा फरक इतका मोठा असतो की केवळ काही वर्षांच्या आकड्यांवरून कल सांगताना मी जपूनच बोलेन. सावरण्याचा मुद्दा मात्र तपासायला हवा. दरवर्षी सावरतात ते लवकर वाढणारे. अनेक वर्षे जगून मग मोठे होणाऱ्या प्राण्यांना तिथे जम बसवायला अवधीच मिळत नाही. तेव्हा तळावरची डिसेंबरची गर्दी तब्येतीची खूण मानायची की नुकत्याच झालेल्या पडझडीची, हे प्रजाती आणि वयोमान पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: पावसात बोट जात नाही, नमुने कसे घेणार? जूनमध्ये नाहीच जात. पण सप्टेंबरच्या अखेरीस जाते. किंबहुना पश्चिम किनाऱ्यावरची केंद्राची १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपल्यावर ट्रॉलर त्याच तळावरून जाळी ओढत असतात. बंदी माशांच्या प्रजननासाठी आहे, तिच्या तारखा कृमींच्या सोयीने बदला असे मी म्हणत नाही. पण गुदमरलेल्या तळावर त्याच आठवड्यांत जाळेही फिरते, तेव्हा नंतर दिसणारी घट कशामुळे झाली हे वेगळे काढण्यासाठी दोन्हींची नोंद लागते. बंदर किंवा जेटीच्या घाईच्या पर्यावरण-आघात अहवालांना पावसाळा वगळून एका ऋतूची माहिती पुरते. तो ऋतू ऑक्टोबर निवडला तर तळ आधीच ओसाड दिसेल आणि प्रकल्पाने बिघडवण्यासारखे काही उरलेच नाही असे वाटेल. फेब्रुवारी निवडला तर तोच तळ समृद्ध ठरेल. अशा अहवालात किमान दोन वेळांचे नमुने हवेत, एक फेब्रुवारीचा आणि एक सप्टेंबर-अखेरचा, आणि दोन्ही वेळी प्राणवायू पृष्ठभागावर नव्हे तर तळापासून मीटरभर अंतरावर मोजलेला हवा.