संदर्भासह स्पष्टीकरण

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असतो. दोन ओळी द्यायच्या आणि वर लिहायचे, 'संदर्भासह स्पष्टीकरण करा.' गेली वीस वर्षे मी हा प्रश्न काढतो आहे आणि गेली वीस वर्षे मुले संदर्भ सोडून स्पष्टीकरण करीत आहेत. ओळीत 'सावली' हा शब्द दिसला रे दिसला, की कोणी तिला मायेची करतो, कोणी मृत्यूची! ही सावली कोणाची, ती कुठे पडली, याची चौकशी कोणी करीत नाही. अशा उत्तराला मी पाचापैकी एक गुण देतो आणि समासात लाल शाईने लिहितो, 'संदर्भ?' हाच प्रश्न एक दिवस माझ्याच छातीवर येऊन बसेल, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

२०२२ च्या पावसाळ्यात मला खोकला लागला. आमच्या पेशात खोकल्याचे कोणी मनावर घेत नाही. खडूची भुकटी म्हणून सोडून देतात. घरी मात्र आल्याचा काढा झाला, ज्येष्ठमध झाले, सासूबाईंनी सुचवलेला अडुळसाही झाला. मी सारे निमूटपणे गिळले. खोकला होता तिथेच होता. मग एका सकाळी थुंकीत रक्ताची बारीक रेघ दिसली. मी बेसिनचा नळ सोडला आणि कोणाला काही बोललो नाही. पण नळाच्या आवाजाचाही अर्थ लावणारे माणूस घरात असते. "अहो, नळ इतका वेळ कशाला सोडलात?" एवढेच सौ.ने विचारले आणि दुपारी आम्ही एक्सरे काढायला गेलो.

उजव्या फुप्फुसात खालच्या अंगाला एक सावली निघाली. मोसंबीएवढी, कंपासने काढावी तशी गोल.

आणि मग स्पष्टीकरणांना सुरुवात झाली. पहिल्या डॉक्टरांना क्षयाची शंका आली. आपल्याकडे छातीत काही दिसले की आधी क्षय आठवावा, यात त्यांचे काही चुकले नाही. पण थुंकीच्या तपासणीत काही निघाले नाही. दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयातले तज्ज्ञ सावलीकडे बराच वेळ पाहत राहिले. "वय पाहता कर्करोग नाही ना, हे पाहायला हवे. परवा छातीतून सुई घालून तुकडा काढू," असे ते म्हणाले.

त्या रात्री मला झोप आली नाही. धाकटी तेव्हा दहावीला होती. दोन वाजता उठून मी विम्याचे कागद शोधू लागलो, तर ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात तारखेप्रमाणे लावून ठेवलेले! सौ. भिंतीकडे तोंड करून निजली होती. निजली नव्हती, हे मलाही ठाऊक होते आणि मला ते ठाऊक आहे, हे तिलाही.

सकाळी ती म्हणाली, "सुई टोचण्यापूर्वी आणखी एकाला दाखवू या." तिच्या माहेरच्या ओळखीचे छातीचे एक शल्यचिकित्सक होते, वयाने सत्तरीकडे झुकलेले. मी एक्सरे पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि पालथा घालून ठेवला. आधी माझ्या पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून पाहिले. तबलजी ठेका धरण्यापूर्वी तबला जोखतो, अगदी तसे. छातीवर ठोकून आतले ओळखण्याची ही विद्या व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर नावाच्या वैद्याने १७६१ मध्ये ग्रंथात मांडली. त्याचे वडील खाणावळवाले होते आणि पिंपावर थापटून दारू कुठवर आहे ते ओळखीत, असे सांगतात. भरलेल्या जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी घुमतो. माझ्या पाठीवर खाली एके ठिकाणी बोट थबकले.

"सर, आजोळ कुठले तुमचे?"

मला वाटले, गप्पांत माझे मन रमवताहेत. म्हणालो, "माणदेश."

"तिकडे मेंढरे पुष्कळ."

"मामांचीच होती की! दर सुटीला जात होतो. अजूनही जातो."

"आणि कुत्री?"

मग मी त्यांना मोत्याविषयी सांगितले. मामांच्या वाड्यावरचा पांढरा, एका कानाने काळा मोत्या. उन्हाळ्याच्या सुटीत तो माझ्याच घोंगडीवर निजायचा. माझ्या हातातली अर्धी भाकरी तो खायचा, उरलेली अर्धी मी. आजी ओरडायची, "अरे, हात तरी धू!" पण माणदेशात उन्हाळ्यात हात धुण्याइतके पाणी कोणी वाया घालवीत नसे.

डॉक्टर हसले. "सर, ही गाठ नसावी. हे पाणी असावे. सुई मात्र टोचून घेऊ नका."

कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा एक पट्टकृमी राहतो. कुत्र्याला त्याचा विशेष त्रास नसतो. कृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर जातात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. गवताबरोबर ती मेंढीच्या पोटात गेली, की तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली पिशवी धरते. मेंढी कापल्यावर टाकून दिलेले ते अवयव कुत्र्याने खाल्ले, की फेरा पुरा झाला. या फेऱ्यात माणसाचे काही काम नाही. तो आपला न धुतलेल्या हातांनी मध्येच शिरतो! माणसात ही पिशवी बहुधा यकृतात होते, त्याखालोखाल फुप्फुसात, आणि कुरकुर न करता वर्षानुवर्षे वाढत राहते. इंग्रजीत तिला हायडॅटिड म्हणतात.

सुई का नको, तेही त्यांनी सांगितले. आतले पाणी झऱ्यासारखे नितळ दिसते. पण ते शरीरात सांडले तर माणसाचा रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो, प्राणावर बेतू शकते. शिवाय सांडलेल्या थेंबांतून नव्या पिशव्या उगवू शकतात. मग सीटी स्कॅन झाला. त्यात पातळ भिंत आणि आत नुसते पाणी दिसले. यकृत स्वच्छ होते. रक्ताच्या तपासणीत काही आले नाही, पण फुप्फुसाच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही, असे ते म्हणाले. कृमीवरच्या गोळ्याही आधी दिल्या नाहीत. त्यांनी पिशवीची भिंत हळवी होऊन ती फुप्फुसातच फुटण्याची भीती असते.

शस्त्रक्रियेची हकीकत मला नंतर कळली. दोन्ही फुप्फुसांना वेगळी वाट असलेली नळी घशातून घातली होती. पिशवी फुटलीच तर डावे फुप्फुस तरी बुडू नये म्हणून. बरगड्यांमधून वाट काढून भोवती मिठाच्या तीव्र पाण्यात भिजवलेली फडकी पसरली. वरचा पापुद्रा छेदल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फुप्फुसात हळूहळू हवा भरली आणि त्या दाबाने पिशवी सबंध बाहेर सरकली. ही युक्ती लंडनच्या नॉर्मन बॅरेट या शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाते. मग हवेच्या फटी टाके घालून बुजवल्या, पोकळी शिवून टाकली. फुप्फुसाचा तुकडासुद्धा कापावा लागला नाही. "उकडून सोललेल्या अंड्यासारखी पांढरीशुभ्र निघाली," डॉक्टर कौतुकाने म्हणाले. पेपर चांगला लिहिलेल्या विद्यार्थ्याविषयी मी असाच बोलतो.

छातीतून निघालेली नळी खाटेखाली पाण्याच्या बाटलीत सोडली होती. मी खोकलो की त्यात बुडबुडे येत. देहाला पाण्यावरचा बुडबुडा म्हणतात, हे मी वर्गात अनेकदा समजावले आहे. इथे उलटा न्याय! बुडबुडे थांबले की फुप्फुस भरून आले. सहाव्या दिवशी मी मुद्दाम खोकून पाहिले. पाणी स्थिर होते. सौ. बाटलीकडे टक लावून बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

आईला सारे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मोत्याला दोष देऊ नकोस हो. तुझ्या आजीचे ऐकले असतेस तर!" मोत्या जाऊन तीस वर्षे झाली. त्याच्यानंतर वाड्यावर कितीतरी कुत्री आली नि गेली. ही भेट नेमकी कोणाची, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

गोळ्यांचे महिने संपल्यावर मी आजोळी गेलो. मामेभाऊ आता कुत्र्यांना वेळच्या वेळी जंतांचे औषध देतो, मेंढीची आतडी-काळीज उघड्यावर न टाकता खोल पुरतो. मी ओट्यावर बसलो, तर एक पांढरे पिल्लू येऊन माझ्या पायाशी घोटाळू लागले. मी क्षणभर पाय आखडला. मग त्याला उचलून मांडीवर घेतले, कान खाजवले, पोट चोळले, पुष्कळ लाड केले.

आणि मग उठून हौदावर गेलो आणि साबण लावून दोन्ही हात धुतले. ओसरीवरच्या फोटोतून आजी पाहत होती. पाचापैकी पाच दिले असते तिने!