उशा किती घेता?

आमच्याकडं ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझा दवाखाना आहे आणि तीस वर्षं मी हा शब्द त्याच अर्थानं ऐकतोय. पहाटे कुणी गेलं की दिवस वर यायच्या आत मिरजकर तिकटीला निदान तयार असतं. त्यामुळं समोर धडधाकट बसलेल्या माणसाला ‘तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे’ म्हणायची सोय नाही. एकदा एका आबांना म्हणून बघितलं. आबांच्या मुलानं गावाकडं फोन लावले, संध्याकाळपर्यंत पाहुणे गोळा झाले आणि आबा स्वतःच सगळ्यांना ‘चहा घ्या’ म्हणत बसले.

तेव्हापासून मी ‘हृदय दमलंय’ म्हणतो. बंद पडलेलं नाही, उपसा कमी झालाय. पाणी पुढं सरकलं नाही की मागं पसरतं, हे पंचगंगेकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तसंच रक्त मागं तुंबतं, फुप्फुसं ओली होतात, पाय सुजतात.

हा आजार ओळखायचं माझं पहिलं हत्यार म्हणजे एक प्रश्न: उशा किती घेता? तोही पेशंटला विचारून भागत नाही. तो म्हणतो, “एकच की.” मागं उभी असलेली बायको तीन बोटं दाखवते. आडवं झालं की पायातलं पाणी छातीकडं परततं, म्हणून ‘उताणं पडलं की कोंडतंय’. पण माणूस याला आजार म्हणत नाही, वय म्हणतो आणि मुकाट्यानं जगणं आवरतं घेतो. माळ्यावर झोपणं सोडतो. अंबाबाईला जाताना भवानी मंडपात घटकाभर टेकतो. मग कधीतरी खुर्चीतच रात्र काढायला लागतो, घरचे म्हणतात टीव्ही बघत डोळा लागला.

दुसरा साक्षीदार पायात असतो. “चप्पल आवळायला लागलीय, चामडं आखडलं वाटतं.” कोल्हापुरी चप्पल वापरून सैल होते, आखडत नाही. चप्पल काढायला लावली की पट्ट्याचा वळ तसाच राहिलेला दिसतो. घोट्याच्या वर अंगठा दहा सेकंद दाबून धरायचा. खड्डा पडून राहिला तर पुढचं बोलणं सुरू होतं. (प्रत्येक सुजलेला पाय हृदयाचा नसतो. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिननंही घोटे सुजतात. तेवढ्यावर घाबरून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आलेले लोक मी पाहिलेत.)

आणि तरीही मी चुकलोय. खासबागेच्या कुस्ती मैदानात नाव काढलेले एक जुने पैलवान. रात्री खोकला येतो म्हणाले. मी छातीला नळी लावली, घरघर ऐकली आणि दम्याचा पंप लिहून दिला. आठ दिवस. नवव्या रात्री दीड वाजता ते धडपडून उठले. घरच्यांनी चक्कर समजून आडवं केलं, तोंडात पाणी घातलं, आणि धाप दुप्पट झाली. मी पोचलो तेव्हा ते खिडकीचे गज धरून उभे होते. एवढ्या रुंद मानेवरची शीर कानापर्यंत फुगलेली मला त्या रात्री दिसली. आठ दिवसांपूर्वीही ती दिसली असती. मी मानेकडं बघितलंच नव्हतं. झोपल्यावर तासा-दोन तासांनी कोंडून जाग येणं आणि उठून बसल्यावर हळूहळू निवणं, हा दमा नव्हे. इकोत त्यांचं हृदय तीस टक्के रक्त ढकलत होतं. चांगलं हृदय पंचावन्नच्या वर ढकलतं.

हा टक्क्याचा आकडाही फसवा. या आजाराच्या जवळपास निम्म्या पेशंटांत तो चांगलाच येतो. तिथं हृदय अशक्त नसतं, ताठर झालेलं असतं. वर्षानुवर्षं रक्तदाब आणि साखर बाळगलेल्या जाड अंगाच्या काकी यात फार. रिपोर्ट नॉर्मल म्हणून त्यांना ‘मनाला लावून घेऊ नका’ असं सांगून परत पाठवलं जातं.

पैलवानांचं ते खासबागेचं मैदान १९१२ सालचं, राजर्षी शाहू महाराजांचं. महाराज स्वतः ताकदीचे गडी. पण ६ मे १९२२ ला मुंबईत हृदयविकारानं गेले, तेव्हा वयाची अठ्ठेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्या काळच्या वैद्यकाकडं दमलेल्या हृदयासाठी डिजिटॅलिस सोडलं तर फारसं काही नव्हतंच. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरला ते एका म्हातारीच्या झाडपाल्याच्या नुस्ख्यातून सापडलं, १७८५ साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. लघवी वाढवणारी फ्रुसेमाइडची गोळी यायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. मी मिरजेला शिकत होतो तेव्हा अशक्त हृदयाला ठोके मंदावणारं बीटा ब्लॉकर द्यायचं म्हणणारा तोंडी परीक्षेत नापास व्हायचा. १९९९ साली मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि ते चुकीचं उत्तर बरोबर ठरलं. फक्त साचलेलं पाणी आधी उतरवायचं, मग अगदी थोड्या मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवायचं. आता अशक्त हृदयाला चार प्रकारची औषधं मिळून देतात. त्यातली एक मूळची मधुमेहाची, त्यामुळं “मला साखर नाही, ही गोळी का?” हे प्रत्येकाला एकदा तरी समजावतो. नाही समजावलं तर गोळी कपाटात राहते.

पण खरं सांगू का, औषध लिहायला दोन मिनिटं लागतात. बाकीचा आजार स्वयंपाकघरात सांभाळायचा असतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचं आणि कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचं, दुधाच्या हिशेबाशेजारी. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. सूज दिसायची वाट न बघता फोन करायचा. एक आजी रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन करून यायच्या. चालतं. काटा तोच पाहिजे एवढंच.

मिठाचं भांडण मात्र कोल्हापुरात मी बहुतेक वेळा हरतो. “आळणी खातो की,” म्हणणाऱ्याच्या ताटात खर्डा, पापड आणि लोणचं असतं. ‘सैंधव चालतं ना?’ नाही, तेही मीठच. कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं, ते या औषधांबरोबर घातक ठरू शकतं. पाणी दीड लिटरच पितो म्हणणारे चहा, ताक आणि पांढऱ्या रश्शाच्या वाट्या त्यात धरत नाहीत. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी आठवड्यात सगळं पाणी परत भरते. आणि लग्न किंवा जोतिबाची यात्रा असली की लघवीची गोळी चुकवायची, हे तर ठरलेलं. मी आता रागावत नाही. परत आल्यावर दुपारी घ्या म्हणतो, पण त्या दिवशी घ्याच.

पैलवान त्या रात्रीनंतर सहा वर्षं जगले. त्यांच्या घरची सहाही कॅलेंडरं वहिनींनी मला आणून दिली, ती दवाखान्यात आहेत.

तुमच्या घरात कुणाच्या उशा वाढल्या असतील तर या आठवड्यात दाखवून घ्या. आणि मध्यरात्री कुणी धापा टाकत उठलं तर त्याला झोपवू नका. ताठ बसवा, पाय पलंगाखाली सोडा, आणि १०८ ला फोन लावा.