दोन पटांमधलं मूल

दिवाळीची सुट्टी संपवून शाळा भरते, तेव्हा आमच्या शिरोळ तालुक्यात कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात आणि रस्त्याकडेला बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहिलेल्या असतात. त्यातली काही मुलं आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावाकडे परततात. नोकरदाराचं मूल बापाच्या बदलीपायी चार-पाच वर्षांत एकदा शाळा बदलतं. टोळीतलं मूल वर्षातून दोनदा.

नव्या शाळेत रुळायचं म्हटलं की आपल्याला मुलाचं बुजणं, रडणं आठवतं. ऊसतोड्याच्या मुलाची अडचण त्याआधी, पटावरच सुरू होते. संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि शिक्षकांची पदं त्यावर ठरतात. टोळी निघते त्यानंतर. गावाकडची शाळा नाव कमी करायला नाखूश असते, आणि मला तिचा राग येत नाही. छोट्या शाळेत चार नावं गेली तर एक पद जाऊ शकतं. इकडे मूल वर्गात बसतं, पण पाहुणं म्हणून. पाहुण्याच्या अभ्यासाची चौकशी कोण करणार?

कायद्यात गोंधळ नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शाळेबाहेर राहिलेल्या मुलालाही कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्ग द्यायचा आणि राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्याने शिक्षण हमी पत्रकही काढलं आहे. पण घाईघाईत भरलेल्या पत्रकावरून मूल कळत नाही. म्हणून मी सरळ गावाकडच्या गुरुजींना फोन लावतो. कुठल्या धड्यापर्यंत आलं होतं? वाचतं का? कशाने खुलतं? बालभारतीची पुस्तकं बीडला तीच आणि इथेही तीच, त्यामुळे पाच मिनिटांत धागा सापडतो. शिवाय ‘तुझ्या सरांशी बोललो’ म्हटल्यावर मुलाचा चेहरा जो सैल होतो, तो स्वागताच्या गुलाबाने होत नाही.

गुलाब आणि टाळ्या मला पटतच नाहीत. पहिल्याच दिवशी नवख्या मुलाला फळ्यापुढे उभं करून नाव-गाव सांगायला लावणं म्हणजे त्याच्या बोलीला हसायची वर्गाला संधी देणं. त्यापेक्षा त्याला बाकावर कायमची जागा द्यावी आणि शेजारी बडबड्या मुलगा बसवावा. नळ कुठे, संडास कुठे हे तोच दाखवतो. लेखी चाचणी आठवडाभर लांबवावी. चौथीतल्या एका मुलाची पाटी गुणाकारात कोरी राहायची; पण बापाने किती टन ऊस भरला आणि मुकादमाच्या उचलीतून किती फिटले, हे तो तोंडी बिनचूक सांगायचा. त्याला मी हिशेबच लिहायला लावला. गणिताचं पुस्तक मागाहून उघडलं.

मुलींचं अवघड. आईबाप पहाटे अंधारात फडावर जातात आणि धाकटं भावंड थोरलीच्या कडेवर येतं. ‘त्याला घरी ठेवून ये’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी तीही येत नाही. मी त्या पोराला वर्गात बसू देतो. वर्ग थोडा विस्कटतो, विस्कटू दे.

पट्टा कधी पडणार हे शाळेला कुणी कळवत नाही; सकाळच्या हजेरीला जागा रिकाम्या दिसल्या की समजायचं. त्यामुळे मार्च लागताच मी प्रत्येकाचा कागद लिहून ठेवतो: हजेरी, झालेले धडे, कच्चं काय, पक्कं काय. एक प्रत पालकाकडे, एका प्रतीचा फोटो गावच्या गुरुजींना. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला नापास होण्याचा धाक असलेली वार्षिक परीक्षा परत आली आहे, आणि ती नेमकी टोळ्या सुटण्याच्या दिवसांत पडते. तेव्हा त्या मुलांपुरतं दोन्ही शाळांनी आधीच बोलून ठेवावं लागतं: टोळी थांबली तर पेपर इथे, लवकर सुटली तर तिकडे.